नेटवर्किंगच्या लॅबमधून, पालकांशी



तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला मुलं घरी एक फॉर्म घेऊन येतात. त्यावर महाविद्यालयाचं नाव असतं, विद्यापीठाचं असतं आणि बाजूला एका मोठ्या परदेशी कंपनीचं बोधचिन्ह असतं. पदवीचा अभ्यास चालू असतानाच, त्याच वेळापत्रकात, कंपनीनं तयार केलेला कॉम्प्युटर नेटवर्किंगचा अभ्यासक्रम शिकवला जाईल, असा त्यातला मजकूर. तुमच्यातले काही जण बोधचिन्ह बघून लगेच सही करतात. कंपनीचाच कोर्स आहे म्हटल्यावर नोकरीची चिंता मिटली, असं त्यांना वाटतं. काही जण सही करायला तयार नसतात. कॉलेजनं पैसे काढायची नवी वाट शोधली, अशी त्यांना शंका येते. दोन्ही प्रकारचे आई-वडील मला भेटतात. काळजी दोघांचीही खरी असते. मी संगणक विभागात नेटवर्किंग शिकवते, आणि या विषयावर तुमच्याशी सभेतल्या पाच मिनिटांत बोलून माझं समाधान होत नाही. म्हणून आज जरा निवांत बोलू या.

आधी मुलं नेमकं काय शिकतात ते सांगते, कारण घरी विचारलं की ती ‘नेटवर्किंग’ एवढंच म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालतात.

४ ऑक्टोबर २०२१ची रात्र तुम्हाला आठवत असेल. नवाच्या सुमाराला व्हॉट्सॲप बंद पडलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामही गेलं. आपल्याच फोनचं काहीतरी बिघडलं म्हणून कितीतरी लोकांनी फोन बंद करून पुन्हा सुरू केले. जवळजवळ सहा तास हे चाललं. नंतर या तिन्हींच्या मालक कंपनीनं स्वतःच कारण जाहीर केलं. देखभालीच्या नेहमीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे त्यांच्या जगभरच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं होतं. अशी चुकीची आज्ञा अडवण्यासाठी एक तपासणी यंत्रणा ठेवलेली होती, पण दोष तिच्यातही होता. जाळं तुटल्यावर ‘ही वेबसाइट कुठे आहे’ याचं उत्तर देणारे त्यांचे सर्व्हर बाकीच्या इंटरनेटला दिसेनासे झाले. इंजिनिअरांना दुरून आत शिरायची नेहमीची वाटही त्याच जाळ्यातून जात होती, त्यामुळे शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. सर्व्हर धडधाकट होते, वीज होती, आत साठवलेली माहिती जागच्या जागी होती. फक्त रस्ते नाहीसे झाले होते. हे रस्ते आखणं, चालू ठेवणं आणि ते बंद पडले की नेमकं कुठे बंद पडले ते शोधणं, हे नेटवर्किंगवाल्याचं काम. तुमची मुलगी किंवा मुलगा ते शिकतो आहे.

शिकायची सुरुवात अगदी हातापासून होते. नेटवर्कच्या केबलच्या आत बारीक आठ तारा असतात, दोन-दोनाचा पीळ दिलेल्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. या क्रमानं त्या सरळ करून, सारख्या लांबीच्या कापून, कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबायच्या. दिसायला सोपं आहे. पहिल्या तासाला वर्गातल्या बहुतेकांची केबल चालत नाही. कुणाची निळी आणि हिरवी उलटी बसते, कुणाची एखादी तार टोकापर्यंत पोचतच नाही. टेस्टरवरचे दिवे ओळीनं लागेपर्यंत मुलं पुन्हा पुन्हा टोक कापतात. पीळ का दिलेला असतो, तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे का नेत नाहीत, हे प्रश्न तिथेच उभे राहतात, आणि पुस्तकात ज्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं ते मुलं स्वतःहून विचारतात.

मग पत्ते येतात. प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा; तसे एकूण सुमारे ४२९ कोटी होतात आणि जगाला ते पुरेनासे झाले, म्हणून १२८ बिटांची नवी पद्धत आली. हे पत्ते विभागून एका मोठ्या जाळ्याची छोटी जाळी करायची, त्याला सबनेटिंग म्हणतात. दुसऱ्या वर्षातल्या मुलांची झोप हाच भाग उडवतो. तुमचं मूल दोनच्या घातांचा तक्ता कागदावर लिहून आरशाजवळ चिकटवताना दिसलं, तर गाडी रुळावर आहे असं खुशाल समजा.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बिघाड शोधण्याचा तास. मी मुलं यायच्या आधी लॅबमधलं नेटवर्क मुद्दाम बिघडवून ठेवते. एखादी केबल अर्धवट निसटलेली, संगणक एकमेकांना जोडणाऱ्या स्विचचं एखादं पोर्ट बंद केलेलं, एखाद्या संगणकावर गेटवेचा, म्हणजे जाळ्यातून बाहेर जायच्या दाराचा, पत्ता चुकवलेला. मग मुलांना इतकंच सांगायचं की हा संगणक बाहेर पोचत नाही, बघा. सुरुवातीला सगळे एकदम तुटून पडतात. जो तो दिसेल ते बदलतो आणि एका बिघाडाचे तीन होतात. हळूहळू शिस्त येते. आधी केबल आणि दिवा बघायचा. मग शेजारच्या यंत्राला पिंग करायचं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघायचं, मग गेटवेला, मग पलीकडे. एक मुलगा असाच माझ्याकडे आला, “मॅडम, सगळं बरोबर आहे, तरी पिंग बाहेर जात नाहीये.” शेजारच्या संगणकाला जातंय का, विचारलं. “जातंय.” मग बिघाड कुठे नसणार? तो थांबला, केबल आणि स्विच मनातल्या मनात बाजूला काढले, आणि जागेवर जाऊन त्यानं गेटवेचा पत्ता वाचला. १९२.१६८.१.१ हवा होता, तिथे १९२.१६८.१०.१ होता. एका शून्यानं सगळं अडवलं होतं. उत्तर मी आधीच सांगितलं असतं तर त्याला एक शून्य सापडलं असतं. आता त्याला शोधायची रीत सापडली. पुढे मुलाखतीत नोकरी देणारे विचारतात ते हेच. “नेट चालत नाही असा फोन आला, तर तू आधी काय बघशील?” ज्यानं लॅबमध्ये घाम गाळलाय तो सांगू लागतो. ज्यानं फक्त व्हिडिओ पाहिले, तो व्याख्या सांगतो.

आता कंपनीबद्दल. आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांत चालणारा असा एक जुना कार्यक्रम म्हणजे सिस्को नेटवर्किंग अकॅडमी. १९९७ साली तो अमेरिकेत सुरू झाला, आणि त्याचा जन्म ऐकण्यासारखा आहे. कंपनीनं शाळांना नेटवर्कची यंत्रं दिली होती, पण ती सांभाळायला शाळांकडे माणसं नव्हती. कंपनीच्या जॉर्ज वॉर्ड नावाच्या अभियंत्यानं आधी शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवायचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे वेळ कुठला? मग शाळेतल्या विद्यार्थ्यांनाच शिकवलं, आणि आपल्या शाळेचं नेटवर्क मुलं सांभाळू लागली. आज जगातल्या १८०हून अधिक देशांत हा कार्यक्रम आहे. माझ्या मनात या शिक्षणाची कसोटी त्या सुरुवातीतूनच येते. खरं, चालू, कुणाला तरी रोज लागणारं नेटवर्क मुलांच्या हाती द्यायची तयारी महाविद्यालयाची आहे का? आमच्याकडे परीक्षा विभागाचं जाळं सोडून बाकी लॅबचं काम तिसऱ्या वर्षाची मुलं कर्मचाऱ्यांबरोबर करतात. जिथे यंत्रं कपाटात कुलूपबंद आहेत आणि पाहुणे आले की बाहेर निघतात, तिथे करारावर कितीही मोठं नाव असलं तरी मुलांच्या हाताला काही लागत नाही.

कंपनी हे का करते, हाही प्रश्न विचारायला हवा. तिचा त्यात फायदा आहे. ज्या यंत्रांवर मूल शिकतं तीच यंत्रं पुढे नोकरीत त्याच्या ओळखीची असतात, आणि खरेदीच्या वेळी ओळखीचं नाव आधी सुचतं. यात लपवण्यासारखं काही नाही. आपण हे ओळखून कोर्स घ्यावा, इतकंच. मुलाला काय उरतं ते मी बघते. नेटवर्कची मूळ तत्त्वं कुठल्याच कंपनीच्या मालकीची नाहीत. टीसीपी-आयपी ही इंटरनेटची नियमावली खुली आहे, इथरनेटचं मानक खुलं आहे. एकेकाळी या अभ्यासात कंपनीच्या घरच्या राउटिंग पद्धतीला, म्हणजे माहितीचा रस्ता ठरवण्याच्या रीतीला, मोठं स्थान होतं. २०२० साली कंपनीनं आपली सीसीएनए ही प्रमाणपत्र परीक्षा नव्यानं बांधली, तेव्हा ती पद्धत बाहेर गेली आणि ओएसपीएफ ही खुली पद्धत मुख्य राहिली. आज्ञा टाइप करायची ढब कंपनीगणिक बदलते, पण एका कंपनीच्या स्विचवर नीट शिकलेलं मूल दुसऱ्या कंपनीचा स्विच हाती आल्यावर अडून राहत नाही. मात्र शिक्षकानं “हे असं का” समजावून सांगितलेलं असलं पाहिजे. नुसत्या आज्ञा उतरवून घेतल्या असतील तर अडतं.

तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल की विद्यापीठाच्या आवारात कंपनीचं काय काम? तर आपल्या देशातलं नेटवर्किंगच मुळात शिक्षणसंस्थांच्या आवारात वाढलं. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहूला असलेलं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि खुद्द तो विभाग, अशा आठ ठिकाणांना जोडायचं होतं. जुहूची ती संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारेवरून १९८७च्या सुमाराला ई-मेलची ये-जा सुरू झाली. एनसीएसटीचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमाणी यांना या कामासाठी २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. सामान्य लोकांना विदेश संचार निगमनं इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. त्याआधीची वर्षं हे जाळं प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी जुळवलं, तोडलं, पुन्हा जुळवलं. आज मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येऊन टेकतात. ऐरोली, महापे, रबाळे या भागांत डेटा सेंटरांच्या इमारती उभ्या आहेत. हे काम आपल्या दारात आहे. त्यासाठी मुलांना तयार करणं हे विद्यापीठाचंच काम आहे, असं मी मानते.

आता पैसे आणि प्रमाणपत्र. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

अकॅडमीचा कोर्स पूर्ण केल्यावर मिळतं ते कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. सीसीएनए ही वेगळी परीक्षा. मोटार शिकवणाऱ्या क्लासनं दिलेला कागद आणि आरटीओनं दिलेला परवाना, इतका या दोहोंत फरक आहे. क्लासचा कागद खोटा नसतो, पण त्यावर गाडी रस्त्यावर नेता येत नाही. काही ठिकाणी ‘सीसीएनए कोर्स केला’ आणि ‘सीसीएनए आहे’ यांतलं अंतर मुद्दाम पुसट ठेवलं जातं. जाहिरातीत नुसतं ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ लिहिलेलं असलं तर कोणतं, ते विचारा. खरी परीक्षा १२० मिनिटांची असते, शुल्क ३०० अमेरिकी डॉलर आणि वर कर. रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे जाते. अकॅडमीच्या अंतिम चाचणीत पहिल्याच प्रयत्नात चांगले गुण मिळवणाऱ्यांना शुल्कात सवलत मिळू शकते. नियम बदलत राहतात, म्हणून कोर्स सुरू होतानाच शिक्षकांना विचारून ठेवा.

आणि घाई करू नका. सीसीएनए तीन वर्षं वैध असतं. दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलानं हौसेनं परीक्षा दिली, तर नोकरीत स्थिरावायच्या आत त्याची मुदत संपत येते. तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात, अभियांत्रिकीत असेल तर शेवटच्या वर्षात, मन लावून तयारी करून द्यावी. तोवर ते पैसे घरात राहू द्या. ही परीक्षा द्यायलाच हवी असंही नाही. ज्या घरात पंचवीस-तीस हजार म्हणजे धाकटीची फी असते, त्या घरानं कर्ज काढून ती देऊ नये. आधी नोकरी लागू दे. काही कंपन्या असा खर्च स्वतः करतात, आणि नाही केला तरी तोवर मूल कमावतं झालेलं असतं.

अकॅडमीचा अभ्यासक्रम कंपनी शिक्षणसंस्थांना विनामूल्य देते. म्हणून महाविद्यालयानं त्यासाठी वेगळी मोठी रक्कम मागितली, तर ती कशासाठी हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. यंत्रं, केबल, शिक्षकांचं प्रशिक्षण यांवर खर्च होतो, तो दाखवता येतो. दाखवता येत नसेल तर माझी सही तरी त्या फॉर्मवर पडणार नाही. लॅपटॉपच्या बाबतीतही तेच. पॅकेट ट्रेसर नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्यात राउटर, स्विच, केबल सगळं पडद्यावर जोडता येतं. ते मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. महागडं यंत्र घेऊन द्यायची गरज नाही. क्रिम्पिंगची पकड, टेस्टर आणि मूठभर कनेक्टर मात्र घेऊन द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हिंडून मुलं ते स्वतः घेऊन येतात, आणि त्या हिंडण्यातही शिकतात.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे शिक्षण पदवीच्या आत बसवणं सोपं झालंय. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. सीसीएनएच्या तयारीचे तीन कोर्स आहेत, प्रत्येकी साधारण ७० तासांचे. एका सत्रात एक घेतला तर आठवड्याला चार-पाच तास पडतात. हे तास वेळापत्रकात आहेत का? ‘रविवारी ऑनलाइन करून घ्या’ असं सांगितलं जात असेल, तर पदवीच्या परीक्षांच्या धबडग्यात सगळ्यात आधी हाच अभ्यास मागे पडतो. शिक्षकानं स्वतः त्या अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण घेतलंय का, हेही विचारा. आम्हाला राग येत नाही. असं विचारणारे पालक असले की व्यवस्थापनाकडे यंत्रं मागताना आमचंही बळ वाढतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या आई-वडिलांशी मला वेगळं बोलायचंय. अभ्यासक्रम इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. पहिल्या महिन्यात ही मुलं मागच्या बाकावर गप्प बसतात. पण या विषयाची एक गंमत आहे. यंत्राला द्यायच्या आज्ञा मोजक्या असतात, आणि विचार करायला इंग्रजी लागत नाही. माझ्या लॅबमध्ये बिघाडावर चर्चा मराठीतच होते. “पॅकेट इथवर आलं, पुढचा रस्ताच त्याला माहीत नाही, मग जाईल कुठं?” असं बोलता बोलता राउटिंग समजतं. समजलं की मग तेच इंग्रजीत लिहायला लावते, रोज अर्धं पान. आज काय बिघडलं, काय तपासलं, काय निघालं. वर्षाअखेर याच मुलांची टिपणं सगळ्यात नेटकी असतात. तुमचं मूल पहिल्या सत्रात “मला हे जमणार नाही” म्हणालं, तर कोर्स सोडू देऊ नका. माझ्याकडे पाठवा, किंवा ज्या शिक्षकांकडे असेल त्यांच्याकडे.

एक वाक्य मला फार लागतं. एका वडिलांनी आपल्या मुलाचे लॅबमधले फोटो बघितले, जमिनीवर बसून रॅकमागच्या केबल नीट बांधताना. ते म्हणाले, “मॅडम, आम्ही हाडाची काडं करून शिकवतोय ते काय वायरी ओढायला?” त्या माणसानं स्वतः आयुष्यभर उन्हात काम केलंय. मुलानं सावलीत, खुर्चीवर बसावं, ही त्यांची इच्छा मला पूर्ण समजते. तरीही त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. ज्यानं केबल स्वतः ओढली नाही, त्याला जाळ्याचा आराखडा काढता येत नाही. खुर्ची येते, पण ती चार-पाच वर्षांनी येते, आणि हात मळवलेल्याला आधी मिळते. सुरुवातीची नोकरी बहुधा पहिल्या पातळीची असते: तक्रार नोंदवून घेणं, दिवे बघणं, ठरलेल्या पायऱ्यांनी तपासणं, नाही जमलं तर वरच्याकडे सोपवणं. पगार बेताचा असतो. शेजारच्या मुलाचं सॉफ्टवेअर कंपनीतलं पॅकेज ऐकून तो कमी वाटेल. त्या वेळी घरात तुलना झाली की मुलं खचतात आणि अर्ध्यावर हे काम सोडून दुसरीकडे पळतात. पहिली दोन वर्षं त्यांना धरून राहू द्या.

कामं फक्त ऐरोली-हिंजवडीतच आहेत असंही समजू नका. तालुक्याच्या इस्पितळात तपासणीचे अहवाल नेटवर्कवरून जातात. सहकारी बँकांच्या शाखा, साखर कारखाने, महाविद्यालयं, सगळीकडे आता जाळी आहेत आणि ती बंद पडतात. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली. आज आपण तिला भारतनेट म्हणतो. फायबर गावात पोचणं आणि ती चालू राहणं यांत फार अंतर आहे. ते अंतर कमी करणारी मुलं गावातलीच असावीत, असं मला मनापासून वाटतं.

मुलींच्या आयांचा प्रश्न रात्रपाळीचा असतो. नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळे पाळ्या असतात, हे खरं आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकानं व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि तिची सुरक्षितता आणि ये-जा यांची सोय मालकानं करावी लागते. नेमणूक घेताना हे स्पष्ट विचारायला मुलीला शिकवा, आणि उत्तर लेखी घ्या. पण रात्रपाळीच्या भीतीनं तिला आधीच या विषयापासून लांब ठेवू नका. बिघाड शोधायला लागणारी चिकाटी माझ्या वर्गात मुलींकडे भरपूर दिसते. रचना, सुरक्षा, लेखापरीक्षण अशी दिवसाची कामंही या क्षेत्रात खूप आहेत.

अलीकडे प्रत्येक सभेत एक प्रश्न येतोच. “कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर हे काम राहील का?” काम बदलेल. २०२०च्या सीसीएनए आराखड्यातच स्वयंचलनाला दहा टक्के वाटा दिला होता, २०२४ साली त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळखही घातली. आज्ञा एकेका यंत्रावर हातानं टाइप करायचं काम कमी होत जाईल, म्हणून मुलांनी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी शिकायलाच हवी. पण यंत्रानं सुचवलेली आज्ञा चालू जाळ्यावर द्यायची की नाही, हे ठरवणारा माणूस लागणार. त्याला आतलं सगळं कळत असलं पाहिजे. त्या ऑक्टोबरच्या रात्री काय झालं, ते वर सांगितलंच आहे.

घरी मुलांना रोज “अभ्यास केलास का” विचारण्याऐवजी “आज काय बिघडलं होतं, आणि कसं सापडलं?” असं विचारून बघा. पहिल्यांदा ती “तुम्हाला नाही कळणार” म्हणतील. तरी विचारत राहा. सांगता सांगता त्यांनाच पक्कं होतं, आणि तुम्हालाही कळायला लागेल की मूल शिकतंय की नुसती हजेरी भरतंय. ज्या मुलाकडे सांगायला महिनाभर काहीच नसेल, त्याच्या शिक्षकांना येऊन भेटा.

आमची लॅब शनिवारी दुपारी उघडी असते. परीक्षांचे दिवस सोडून कधीही या, आधी कळवायची गरज नाही. चपला बाहेर काढाव्या लागतील आणि आत थंडी वाजते, शाल आणा. केबल तुम्हीही करून बघा, मुलं शिकवतील.